सीईटीचे पर्सेंटाइल आले, आता कुठलं कॉलेज मिळंल? सांगली-साताऱ्याच्या पोरांनी अंदाज कसा काढायचा

सीईटीचा निकाल लागला की आपल्याकडं महिनाभर एकच प्रश्न फिरत असतो, "९६ आलेत, वालचंद मिळंल का?" कॉलनीतला काका विचारतो, क्लासचे सर विचारतात, व्हॉट्सॅपवर गावाकडचा पाव्हणा विचारतो आणि प्रत्येकजण आपल्या पुतण्याला काय मिळालं होतं ते सांगून मोकळा होतो. (वालचंद म्हणजे सांगलीचं नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज.) पण या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही कारण त्यात निम्मी माहिती नाही. ९६ कुठल्या वर्षीचे, कॅटेगरी कुठली, मुलगा का मुलगी, बारावी कुठनं केली, ब्रँच कुठली पाहिजे आणि कितव्या राउंडची गोष्ट चाललीय, एवढं कळल्याशिवाय "मिळंल" म्हणणारा पण अंदाजपंचे बोलतोय आणि "नाही मिळणार" म्हणणारा पण. आणि खरं सांगायचं तर हे सगळं घरात बसून, एक वही आणि मोबाइल घेऊन, दोन संध्याकाळात निघतं. ते कसं काढायचं तेच इथं लिहितोय. हे फक्त इंजिनिअरिंगचं आहे, एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ग्रुपचं, मेडिकलचं गणित पूर्ण वेगळं आहे त्यात हे लावू नका.

आधी हातात काय आहे ते नीट समजून घ्या. पेपर २०० मार्कांचा, मॅथ्स १००, फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, निगेटिव्ह मार्किंग नाही. पण परीक्षा एका दिवशी होत नाही, कितीतरी सेशनमध्ये होते आणि प्रत्येक सेशनचा पेपर वेगळा, म्हणून मार्क सरळ न धरता त्या सेशनमध्ये तुमच्याएवढे किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क किती जणांना पडले यावरनं पर्सेंटाइल काढतात, तेही दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत. त्यामुळं "माझ्या मित्राला १२० ला एवढे आले मग मला १२० ला कमी का" असं भांडत बसण्यात काही अर्थ नाही, त्याचा सेशन वेगळा तुमचा वेगळा. आणि टोटलचं पर्सेंटाइल हे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसतं, ते एकूण मार्कांवरनं स्वतंत्र काढलेलं असतं, दरवर्षी कितीतरी पालक कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज करतात आणि निकाल चुकला म्हणून घाबरतात. चुकलेला नसतो. निकालाआधी मार्कावरनं पर्सेंटाइल सांगणारे तक्ते फिरत असतात ते बघा हवं तर पण त्यावर कॉलेजचं स्वप्न बांधू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. कॉलेजचा अंदाज पर्सेंटाइलवरनं काढू नका, मेरिट नंबरवरनं म्हणजे राज्याच्या मेरिट लिस्टमधल्या तुमच्या क्रमांकावरनं काढा. का ते आकड्यानंच सांगतो. २०२४ ला पीसीएमची परीक्षा दिलेली पोरं साधारण २ लाख ९५ हजार होती, २०२५ ला तीच संख्या ४ लाख २२ हजारांच्या पुढं गेली. आता ९७ पर्सेंटाइल म्हणजे वरच्या तीन टक्क्यांची सीमा, म्हणजे २०२४ ला ९७ वाल्याच्या पुढं कागदावर साधारण ८,८५० पोरं आणि २०२५ ला साधारण १२,६६०. आकडा तोच ९७, पण पुढं उभी असलेली पोरं पावणेचार हजारांनी जास्त! उलटं करून बघा, समजा एखाद्या ब्रँचची शेवटची सीट ८,००० नंबरला जाते, तर २०२४ च्या हिशोबानं तिथं ९७.३ लागणार आणि २०२५ च्या हिशोबानं ९८.१. सीट तेवढ्याच, कॉलेज तेच, पोरं तीच हुशार, तरी कटऑफ पाऊण टक्क्यानं चढला. आणि घरी बसलेला बाप म्हणतो "गेल्या वर्षी ९७.३ ला मिळालं होतं, तुला ९७.८ आलेत, चिंता नको." हा फटका कितीतरी घरांना बसतो, म्हणून इतकं लांबण लावून सांगतोय.

प्रत्यक्षात मेरिट लिस्टमधला नंबर या कागदी हिशोबापेक्षा पुढचा येतो म्हणजे चांगला येतो, कारण परीक्षा दिलेले सगळेच कॅपचा (राज्याच्या एकत्रित ॲडमिशन प्रक्रियेचा) फॉर्म भरत नाहीत. म्हणून निकालाच्या दिवशी कागदी हिशोब करा आणि प्रोव्हिजनल मेरिट लिस्ट लागली की तो खोडून खरा नंबर लिहा. फायनल लिस्टला थोडाफार हलतो पण फार नाही. बरोबरीचे पर्सेंटाइल असतील तर आधी मॅथ्सचं पर्सेंटाइल बघतात, हे पण ध्यानात असू द्या.

नंबर मिळाला की मागची कटऑफ लिस्ट काढायची. सीईटी सेलच्या कॅपच्या साइटवर वर्षवार आणि राउंडवार पीडीएफ असतात, फुकट असतात, त्यासाठी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. किमान तीन वर्षांच्या उतरवून घ्या, फाइल मोठी आहे, मोबाइलवर उघडायला कुरकुर करते, घरात कॉम्प्युटर नसेल तर नेट कॅफेतनं आपल्याला पाहिजेत त्या कॉलेजांची पानं तेवढी प्रिंट मारून आणा.

ते पान पहिल्यांदा बघितलं की डोकं गरगरतं. वर कॉलेजचा कोड आणि नाव, त्याखाली ब्रँचचा कोड आणि नाव, मग स्टेटस लिहिलेलं असतं म्हणजे सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित, ऑटोनॉमस वगैरे, आणि मग आडवा तक्ता. तक्त्याच्या डोक्यावर जी-ओपन-एच, एल-ओबीसी-एस, जी-एससी-ओ असली नावं. प्रत्येक चौकटीत दोन आकडे, वरचा मेरिट नंबर आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल. बहुतेक लोक कंसातला वाचतात. तुम्ही वरचा वाचा.

नावाची फोड अशी: पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, जिथं मुलं-मुली दोघांना मिळू शकतं, एल म्हणजे फक्त मुलींसाठी राखीव. मधला भाग कॅटेगरी. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित: एस म्हणजे स्टेट लेव्हल, अख्ख्या महाराष्ट्रातनं मेरिटवर, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीची सीट आणि ओ म्हणजे होमच्या बाहेरच्या पोरांची. भटक्या जमातींचे कोड पण एकदा बघून ठेवा, एनटी-१ म्हणजे एनटी-बी, एनटी-२ म्हणजे एनटी-सी, एनटी-३ म्हणजे एनटी-डी. जत-आटपाडी-कवठेमहांकाळकडच्या धनगर समाजाच्या पोरांनी एनटी-२ चा रकाना बघायचा, सर्टिफिकेटवर सी आहे म्हणून तीन नंबरचा रकाना बघणारे भेटलेत मला. आणि तक्त्यात एकाखाली एक दोन-तीन ओळी दिसल्या तर पहिल्या स्टेजची ओळ धरा, खालच्या ओळी म्हणजे रिकाम्या राहिलेल्या राखीव सीट बदलून दुसऱ्यांना दिल्या त्याच्या, तसं दरवर्षी होईलच असं नाही.

होम युनिव्हर्सिटीबद्दल जरा सविस्तर बोलायला पाहिजे कारण इथं आपल्या भागातली पोरं घोळ करतात. सांगली, सातारा, कोल्हापूर हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे. पण तुमची होम युनिव्हर्सिटी घर कुठं आहे यावरनं ठरत नाही, तुम्ही बारावी कुठल्या ठिकाणच्या कॉलेजातनं पास झालात यावरनं ठरते. म्हणजे घर विट्यात, रेशन कार्ड विट्याचं, पण अकरावी-बारावीला लातूरला पाठवलं तर पोरगं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं झालं, पुण्यात बारावी केली तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं, आटपाडीचं पोरगं सांगोल्याला बारावी झालं तर सोलापूरचं. मग त्याला इस्लामपूर, आष्टा, बुधगाव, कोल्हापूर, इचलकरंजीच्या कॉलेजात जिथं होमच्या सीट वेगळ्या आहेत तिथं एच चा रकाना लागू होत नाही, ओ चा बघावा लागतो, आणि पुण्याच्या कॉलेजात उलटं होतं. होमला साधारण ७० टक्के आणि बाहेरच्यांना ३० टक्के अशी वाटणी असते त्यामुळं फरक लहान नाही. पुण्यात बारावी केलेल्या साताऱ्याच्या पोराला पुण्याच्या कॉलेजांत एच मिळतं, हा त्याचा फायदाच, फक्त ते माहीत पाहिजे. आणि मिरज-जत सीमेवरची जी पोरं कर्नाटकात बारावी करतात त्यांच्या तर उमेदवारीचा प्रकारच बदलतो, त्यांनी फॉर्म भरायच्या आधी चौकशी केलीच पाहिजे.

कुठल्या कॉलेजात एस आहे आणि कुठं एच-ओ हे त्या त्या पानावरच दिसतं, तोंडी ऐकून धरू नका.

आता तुमचे रकाने ठरवा. एकच रकाना नसतो कुणाचा! हे नीट समजलं की निम्मं काम झालं. समजा तासगावची मुलगी आहे, ओबीसी, बारावी तासगावातच झाली, मेरिट नंबर ११,४००. तिनं आष्ट्याच्या किंवा इस्लामपूरच्या पानावर होमच्या सीट असतील तर चार रकाने बघायचे: जी-ओपन-एच, एल-ओपन-एच, जी-ओबीसी-एच, एल-ओबीसी-एच. चारही ठिकाणी ती उभी आहे. राखीव कॅटेगरीचं पोरगं मेरिटवर ओपनला बसत असेल तर ओपनमधनंच बसतं, त्याला कॅटेगरीची सीट वापरावी लागत नाही. म्हणून चारातला ज्याचा शेवटचा नंबर सगळ्यात मागं जातो तो तुमचा खरा कटऑफ. समजा एल-ओबीसी-एच चा मागच्या तीन वर्षांचा शेवटचा नंबर १०,२००, १२,९०० आणि ११,९०० असा निघाला (हे आकडे मी उदाहरणाला धरलेत, कुठल्या कॉलेजचे नाहीत), तर ११,४०० वर ती मुलगी दोन वर्षं आत आणि एक वर्ष बाहेर आहे. म्हणजे शक्यता आहे, खात्री नाही. वहीत असंच लिहायचं, तीन आकडे शेजारी शेजारी आणि खाली आपला.

मुलाला जी चे दोन रकाने. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) वाल्याला ओपन आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षण) वाल्याला ओपन आणि एसईबीसी. एसईबीसीचं १० टक्के आरक्षण २०२४ पासूनचं आहे त्यामुळं त्या रकान्याला जुना इतिहास मिळणार नाही, आणि २०२४ च्या आधीचे ईडब्ल्यूएसचे कटऑफ बघून मराठा समाजातल्या पोरांनी अंदाज काढू नये कारण तेव्हा त्या रकान्यात वेगळी गर्दी होती.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी माफ असलेली सीट, मंजूर सीटच्या वर ५ टक्के असतात, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे. त्याचा कटऑफ बहुतेक ठिकाणी ओपनपेक्षा कडक असतो कारण फी वाचते म्हणून सगळे तुटून पडतात. आणि ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज-ब्रँचची पसंती भरायच्या फॉर्ममध्ये, त्याचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी लागलेला, तो वेगळा भरला नाही तर पात्र असूनही मिळणार नाही. मुलींसाठी अजून एक, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, उत्पन्न ८ लाखाच्या आत असलेल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी सरकार भरतंय, त्यामुळं अशा मुलींनी फीच्या भीतीनं चांगलं प्रायव्हेट कॉलेज यादीतनं काढू नये. खरंच काढू नका. पोरगीला इस्लामपूरला चांगली ब्रँच मिळत असताना "परवडणार नाही" म्हणून घरानं आधीच फुली मारलेली बघितली की फार वाईट वाटतं.

एक इशारा छोट्या रकान्यांबद्दल. साठची ब्रँच म्हटलं की आपल्याला वाटतं साठ सीट. प्रायव्हेट विनाअनुदानित कॉलेजात त्यातल्या २० टक्के इन्स्टिट्यूट लेव्हलला जातात म्हणजे कॉलेज स्वतः भरतं, काही ऑल इंडियाला म्हणजे देशभरातल्या पोरांना, उरल्या चाळीसेक. त्यात ओबीसी १९ टक्के म्हणजे सात-आठ, त्यात मुलींचं ३० टक्के काढलं की जी ला पाचेक, आणि ते परत एच-ओ मध्ये वाटले की एच ला तीन-चार आणि ओ ला एखाद-दुसरी. एनटी-२ चे साडेतीन टक्के म्हणजे चाळीसात एकच सीट म्हणा. आता एका सीटचा कटऑफ म्हणजे काय, त्या वर्षी ज्या एका पोरानं ती घेतली त्याचा नंबर. एखाद्या वर्षी ४,००० वाल्यानं घेतली, पुढच्या वर्षी १९,००० वाल्याला मिळाली, यातनं काही नियम निघत नाही. म्हणून ज्यांचा रकाना एक-दोन सीटचा आहे त्यांनी एका वर्षाचा आकडा बघून ना हुरळून जायचं ना खचायचं, अशा पोरांनी जास्त कॉलेजं आणि जास्त ब्रँचेस भरायच्या, कुठं ना कुठं ती एक सीट तुमच्यापर्यंत येते.

आता वर्षावर्षातला फरक. कटऑफ म्हणजे मार्केट यार्डातला गेल्या हंगामाचा हळदीचा दर, यंदा आवक किती आणि गिऱ्हाईक किती यावर यंदाचा ठरणार. कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या सीट कॉलेजं वाढवत चाललीत, एखाद्या कॉलेजात कॉम्प्युटर ६० चं १८० झालं की शेवटचा नंबर मागं सरकतो, मग त्याच कॉलेजची इलेक्ट्रॉनिक्स पण ढिली पडते. म्हणून कटऑफच्या शेजारी त्या वर्षीचा इंटेक म्हणजे एकूण सीट पण लिहा, यंदाचा सीट मॅट्रिक्स (कुठं किती सीट त्याचा तक्ता) कॅप सुरू झाला की साइटवर येतो. इंटेक दुप्पट झालेला असेल तर जुना आकडा कडक धरायची गरज नाही, कमी झाला असेल तर मात्र एक पायरी खाली उतरून विचार करा. नवीन ब्रँच असेल आणि मागचा आकडाच नसेल तर त्याच कॉलेजच्या कॉम्प्युटर आणि आयटीच्या मधे-मागे कुठंतरी ती बसणार असं धरा.

राउंडचं पण बघा. २०२४ ला कॅपचे तीन राउंड होते, २०२५ ला चार झाले. म्हणून "तिसऱ्या राउंडचा कटऑफ" ही दोन वर्षांची तुलनाच बरोबर होत नाही, पहिल्याची पहिल्याशी आणि शेवटच्याची शेवटच्याशी करा. पहिल्या राउंडला वरची पोरं जेईईच्या भरवशावर पण इकडं सीट धरून असतात, ती आयआयटी-एनआयटीला गेली की पुण्याच्या सीओईपी आणि मुंबईच्या व्हीजेटीआयच्या सीट मोकळ्या होतात, त्यांच्या मागची तिकडं सरकतात, आणि तो धक्का वालचंद, कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज, तिथनं पुढं आपल्या बाकीच्या कॉलेजांपर्यंत येतो. त्यामुळं पहिल्या राउंडला नाव नाही आलं म्हणून घरात सुतक पाळायचं कारण नाही. पण प्रत्येक ब्रँच खाली येतेच असंही नाही, कॉम्प्युटरचा नंबर थोडा सरकतो, सिव्हिल-मेकॅनिकलचा बराच सरकतो, हे मागच्या वर्षीच्या पहिल्या आणि शेवटच्या राउंडचे आकडे शेजारी ठेवले की तुम्हालाच दिसंल.

एवढं झालं की ढिगारे करा. माझा हिशोब असा, कुठं छापलेला नियम नाही पण बऱ्याच पोरांना उपयोगी पडलाय. तुमच्या रकान्यात मागच्या तीन वर्षांतला सगळ्यात कडक आकडा, म्हणजे सगळ्यात लहान मेरिट नंबर, घ्या. तुमचा नंबर त्याच्याही आत आहे आणि वर दहा-पंधरा टक्के मोकळी जागा आहे, तर ते "मिळणारच" मध्ये लिहा. कडक आणि ढिल्या वर्षाच्या मधे आहे तर "डुगडुगतंय". ढिल्या वर्षाच्याही बाहेर, पण पाव हिश्श्याच्या आत बाहेर म्हणजे कटऑफ १०,००० आणि तुमचा १२,५०० पर्यंत, तर "आशा". त्याच्या पुढचं मनात धरू नका पण फॉर्ममध्ये भरायला पैसे पडत नाहीत, भरा. डुगडुगतंय वाल्या ढिगात सगळ्यात जास्त नावं असली पाहिजेत. आणि मिळणारच मध्ये किमान पाच-सहा तरी, तीही अशी की मिळाली तर तुम्ही खरंच जाल. इथं घरच्यांनी बसून बोलायचं, होस्टेल परवडतंय का, मिरजेतनं आष्ट्याला रोज एसटीनं चार वर्षं जमंल का, मुलीला पुण्याला पाठवायची तयारी आहे का. हे ॲलॉटमेंट लागल्यावर भांडायचं नाही, आधी बोलायचं.

ऑप्शन फॉर्मचा क्रम. यात सगळ्यात मोठा गैरसमज हा की "वालचंद वर टाकलं आणि नाही मिळालं तर खालचं पण जाईल." तसं काही नाही. मशीन मेरिट नंबरप्रमाणं एकेकाला घेतं आणि त्याच्या यादीत वरनं खाली बघत पहिली जी सीट रिकामी आहे ती देतं. वरच्या दहा जागी न मिळणारी कॉलेजं असली तरी अकराव्या जागी तुमचा हक्क तेवढाच राहतो. म्हणून क्रम लावायचा तो आवडीनं लावायचा, शक्यतेनं नाही. शक्यता फक्त यादीत पुरेशी खात्रीची नावं आहेत का ते तपासायला. ३०० पर्यंत ऑप्शन भरता येतात, कुणाला एवढे लागत नाहीत, पण पाच-सात भरून थांबणारा मात्र पस्तावतो.

दुसऱ्या बाजूनं सावध राहायचं ते ऑटो-फ्रीझला. २०२५ ला नियम असा होता की पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला, दुसऱ्याला पहिल्या तिनातला, तिसऱ्याला पहिल्या सहातला लागला तर ती सीट घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या राउंडमधनं बाहेर. म्हणजे पहिल्या सहा जागा ही गंमत म्हणून भरायची जागा नाही, तिथं तेच टाका जे लागलं तर आनंदानं जाल. पोरगं मित्रानं टाकलं म्हणून दुसऱ्या नंबरला एखादी ब्रँच टाकतं, दुसऱ्या राउंडला तीच लागते, आणि मग चौथ्या राउंडपर्यंत थांबलं असतं तर हवं ते मिळालं असतं हे कळून उपयोग नाही. यंदाचा नियम यंदाच्या माहितीपुस्तिकेत बघा, दरवर्षी थोडं बदलतात. प्रत्येक राउंडला ऑप्शन फॉर्म नव्यानं भरता येतो, तेव्हा पहिल्या राउंडचे कटऑफ समोर ठेवून ढिगारे परत लावा, जुनीच यादी ढकलू नका.

कागदपत्रं हा अंदाजाचाच भाग आहे, वेगळा विषय नाही, कारण कागद नसला की तुमचा रकानाच बदलतो. राखीव कॅटेगरीला जात पडताळणीचं सर्टिफिकेट लागतं, ओबीसी-व्हीजे-एनटी-एसईबीसीला नॉन क्रिमीलेअर लागतं आणि त्याची मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत तरी पाहिजे, मुदत संपलेलं चालत नाही. अर्ज केल्याची पावती सुरवातीला चालवून घेतात पण दिलेल्या तारखेच्या आत मूळ सर्टिफिकेट आलं नाही तर पोरगं ओपनमध्ये गणलं जातं, मग एल-ओबीसी-एच वर काढलेला सगळा हिशोब पाण्यात. तासगावच्या त्याच मुलीचं उदाहरण घ्या, पडताळणी आली नाही तर तिच्या चार रकान्यातले दोन गेले, आणि जे राहिले ते जास्त कडक. अकरावीलाच पडताळणीला टाका, बारावीच्या जूनमध्ये सेतू केंद्रापुढं आणि समितीच्या ऑफिसापुढं काय गर्दी असते ते बघितलेल्यांना सांगायला नको. बोर्डात पीसीएमला ओपनला ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतात हे पण बघून घ्या, सीईटीच्या नादात बोर्ड सोडून दिलेली पोरं असतात.

जेईई मेन दिली असेल तर थोडं अजून. प्रायव्हेट कॉलेजातल्या ऑल इंडियाच्या सीट जेईईच्या मेरिटवर जातात, त्याची यादी वेगळी येते, सीईटी थोडी घसरली आणि जेईई बरी गेली असेल तर तो रकाना विसरू नका. महाराष्ट्रात एनआयटी एकच, नागपूरचं व्हीएनआयटी, तिथं निम्म्या सीट होम स्टेटला असतात आणि तिथंही बारावी कुठल्या राज्यातनं केली यावरनं स्टेट ठरतं. जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या सीट वाटणाऱ्या यंत्रणेच्या) साइटवर ओपनिंग-क्लोजिंग रँक राउंडवार मिळतात, पद्धत हीच, तीन वर्षं शेजारी ठेवायची, फक्त तिथं कॅटेगरीवाल्यांनी कॅटेगरी रँक बघायची, ऑल इंडिया रँक नाही.

प्रेडिक्टर ॲप आणि कौन्सिलिंगवाले यांच्याबद्दल मला एवढंच वाटतं की आपली वही आधी तयार करा मग त्यांचं बघा. ॲप बहुतेक करून गेल्या वर्षीचं पर्सेंटाइल यंदाच्या पर्सेंटाइलशी लावतं, आणि वर बघितलं तसं तिथंच गडबड आहे. कौन्सिलिंगला हजारो रुपये मोजून यादी करून घेतलेली घरं आहेत, आणि यादीत होम युनिव्हर्सिटीच चुकीची धरलेली असते. ज्यांच्या घरी कुणीच शिकलेलं नाही त्यांनी मदत घ्यावी, जरूर घ्यावी, पण आधी आपल्या कॉलेजातल्या एखाद्या सरांना विचारा, गावातला सेकंड इयरला असलेला कुणी दादा-ताई गाठा, ती पोरं दोन तास बसून फुकट सांगतात आणि त्यांचं ताजं असतं.

शेवटच्या राउंडनंतरही काही मिळालं नाही किंवा मिळालेलं नको असेल तर इन्स्टिट्यूट लेव्हल आणि कॅपनंतर रिकाम्या राहिलेल्या सीट असतात. कॉलेज त्याची जाहिरात देतं, तिथं वेगळा अर्ज करावा लागतो आणि यादी तिथंही मेरिटनंच लागते. ज्या कॉलेजात जायची इच्छा आहे तिथं हा अर्ज कॅप चालू असतानाच करून ठेवा, कॅप संपायची वाट बघितली की तारीख गेलेली असते. "सीट करून देतो" म्हणून आधी रोख मागणारा कुणी भेटला तर एक रुपया देऊ नका, जी काही फी असंल ती कॉलेजच्या पावतीवर. आणि इथं घेतलेल्या ॲडमिशनला स्कॉलरशिप आणि फी माफीचे नियम कॅपसारखे लागू होतात का ते कॉलेजच्या ऑफिसात लेखी विचारून मगच चेक फाडा, कारण इन्स्टिट्यूट लेव्हलच्या सीटला बऱ्याच सवलती लागू होत नाहीत आणि ते पहिल्या वर्षाची फी भरल्यावर कळतं.